कोनशिलेच्या मागं: गावच्या वाचनालयाचं देणगी-दप्तर कसं शोधावं, वाचावं आणि जपावं

विदर्भातल्या कुठल्याही जुन्या वाचनालयाची पायरी चढताना भिंतीत बसवलेला एक दगड दिसतो. अमुक शेटजींनी किंवा अमुक मालगुजारांनी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांनी) इतके रुपये देऊन ही इमारत बांधून दिली, असं त्यावर कोरलेलं असतं. आपण ते वाचतो आणि आत जातो. वाचनालय कुणी उभं केलं, याचं उत्तर मिळालं असं समजतो.

मीही तसंच समजत होते. मग एका वाचनालयात कपाटाच्या तळच्या खणात पावती पुस्तकांचा गठ्ठा हाती लागला. पावती फाडून देणगीदाराला दिलेली आणि पुस्तकात स्थळप्रत राहिलेली. त्यातली एक अजून डोळ्यांपुढं आहे. टाकानं लिहिलेली, शाई तपकिरी पडलेली. रकमेच्या जागी ‘१।’, म्हणजे सव्वा रुपया. नावाच्या जागी ‘गं. भा.’ आणि एका बाईचं नाव, खाली ‘ह. मुलगा’, म्हणजे मुलाच्या हस्ते. ‘कशाबद्दल’ या रकान्यात दोनच शब्द: ‘कंदिलाचे तेल’. गठ्ठ्यात अशा कितीतरी स्थळप्रती होत्या, बहुतेक रुपया-दोन रुपयांच्या. दगडावर त्यातलं एकही नाव नाही. इमारत शेटजींनी दिली हे खरंच आहे. पण संध्याकाळी तिथं दिवा लागायचा तो या बाईच्या सव्वा रुपयावर.

या कामाला पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे: महाविद्यालयातली मुलं, नवे ग्रंथपाल, निवृत्त शिक्षक, सुट्टीत गावी आलेली मंडळी. इतिहासाची पदवी लागत नाही. चिकाटी लागते, आणि वही कशी उघडायची हे माहीत असावं लागतं.

आधी एकच संस्था निवडा

तालुकाभर फिरायचा मोह टाळा. एक गाव, एक संस्था, आणि जमलं तर वीस-तीस वर्षांचा काळ एवढंच धरा. पण गावात वाचनालय म्हणजे चौकातली ती एकच इमारत असं मात्र धरू नका. बौद्ध विहारातलं पुस्तकांचं कपाट, गुरुदेव सेवा मंडळाची खोली, महानुभाव मठातल्या पोथ्या, जैन मंदिराचं शास्त्रभांडार, शाळेचं ग्रंथालय या प्रत्येक ठिकाणी कुणीतरी ज्ञानासाठी पैसा दिलेला आहे आणि त्याची कुठंतरी नोंद आहे. विहाराचा हिशेब पुष्कळदा चौदा एप्रिलच्या वर्गणीच्या शाळकरी वहीतच असतो. ती वही छापील अहवालाइतकीच मोलाची आहे. किंबहुना तिला जपणारं कुणी नसतं, म्हणून आधी तिच्याकडे जा.

परवानगी

अध्यक्ष आणि सचिव, दोघांना भेटा. एकालाच भेटलात तर तुम्ही त्याच्या गटाचे ठरता आणि कपाटाची किल्ली हरवते. ‘जुना हिशेब पाहायचा आहे’ हे वाक्य तोंडातून काढू नका. हिशेब म्हटलं की लोकांना चौकशी आठवते. ‘आपल्या वाचनालयाला कुणीकुणी हातभार लावला त्यांची यादी करायची आहे’ असं सांगा, कारण तुम्ही खरोखर तेच करणार आहात. साध्या कागदावर अर्ज द्या: काय पाहणार, किती दिवस, फोटो काढणार का, प्रत कुणाला देणार. कागद बाहेर नेणार नाही हेही त्यात लिहा, आणि ते पाळा.

एका गावात म्हाताऱ्या काकाजींनी मला विचारलं होतं, “कायले पायजे वं बाई तुले हे जुनं?” मी म्हटलं, “काकाजी, तुमच्या वडिलांचं नाव असंल यात, ते पाह्यचं हाये.” त्यांनी स्वतः खुर्चीवर चढून वरचा बस्ता, म्हणजे कापडात बांधलेला दप्तराचा गठ्ठा, काढून दिला. थाप मारायला सांगत नाही मी. नाव खरंच होतं, तेवीस पानं उलटल्यावर सापडलं.

पहिल्या दिवशी कपाट उघडू नका

पहिला दिवस भिंतींचा. कोनशिला, तसबिरी, कपाटाच्या दारावर रंगवलेलं ‘कै. अमुक यांचे स्मरणार्थ’, पंख्याच्या पात्यावरचं नाव, घड्याळ, बाक, पाण्याची टाकी या सगळ्यांचे फोटो घ्या. दगड घासून स्वच्छ करायला जाऊ नका, खडूही फिरवू नका. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपं पडतं तेव्हा झिजलेली अक्षरं आपोआप उठून दिसतात. आत अंधार असला तर बाजूनं टॉर्च धरा. मग जे वाचलं ते वहीत उतरवा, अशुद्ध असेल तर अशुद्धच.

कपाटात काय असतं

इथं वेळ द्या. एका देणगीची खूण सहसा चार-पाच ठिकाणी पडलेली असते आणि प्रत्येक ठिकाणी ती थोडी वेगळी बोलते.

पावती पुस्तकाची स्थळप्रत सगळ्यांत कच्ची, म्हणून सगळ्यांत खरी. पैसे हातात पडले त्या क्षणी लिहिलेली. किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, तीच रक्कम दिवसाच्या जमेत जाते, आणि कधी दहा जणांची वर्गणी एकाच ओळीत ‘किरकोळ देणगी’ होऊन बसते. खतावणीत, म्हणजे खातेवार वहीत, ती ‘इमारत फंड’, ‘ग्रंथ खरेदी’, ‘वृत्तपत्र’ अशा खात्यांवर जाते. वार्षिक अहवालात तर फक्त मोठी नावं उरतात: आश्रयदाते, हितचिंतक, आजीव सभासद. स्थळप्रतीपासून अहवालापर्यंत येता येता लहान माणूस कसा गळत जातो, हे या वह्या शेजारीशेजारी ठेवल्या की डोळ्यांनी दिसतं. म्हणून अहवालापासून सुरुवात करू नका. तो छापील असतो, सोपा असतो, आणि तुमचं लक्ष आधीच मोठ्या नावांकडे वळवून टाकतो.

पावती आहे पण किर्दीत ती रक्कम दिसत नाही, असं झालं तर लगेच अफरातफरीचा निष्कर्ष काढू नका. आठवड्याची वसुली एकदम जमा धरायची पद्धत पुष्कळ ठिकाणी होती. पुढच्या पंधरा दिवसांच्या जमा तपासा, मग बोला.

ठराव बुक सावकाश वाचा. देणगीची अट तिथं सापडते. कपाटाला वडिलांचं नाव द्यावं, अमुक दैनिक कायम यावं, धार्मिक ग्रंथांसाठीच पैसे वापरावे, खोली स्त्रियांसाठी राखावी, अशा अटींवरून देणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळतं. आणि आभाराच्या ठरावाइतकाच नकाराचा ठरावही महत्त्वाचा. समितीनं एखादी रक्कम घेतली नाही, किंवा कबूल केलेली रक्कम आलीच नाही, हेही त्याच बुकात असतं. दगडावर ते कधीच येत नाही.

दाखल नोंदवही म्हणजे पुस्तकांचा जन्मदाखला. तीत दाखल क्रमांक, ग्रंथाचं नाव, किंमत आणि ‘कोठून मिळाले’ असा रकाना असतो. त्या रकान्यात ‘भेट’ दिसलं की थांबा. ओळीनं चाळीस-पन्नास पुस्तकं एकाच नावानं भेट आलेली असली, तर समजायचं की कुणाचा तरी सगळा संग्रह त्याच्या मागं घरच्यांनी आणून दिला आहे. त्या क्रमांकांची पुस्तकं कपाटातून काढून पाहा: सह्या, समासातल्या खुणा, आत राहिलेलं पोस्टकार्ड. एक सावधगिरी मात्र घ्या. ‘राजा राममोहन रॉय प्रतिष्ठान’ असा शिक्का असलेली पुस्तकं व्यक्तीची देणगी नव्हे. कोलकात्यातल्या त्या सरकारी प्रतिष्ठानाची स्थापना १९७२ ची. नवखे लोक ती पुस्तकंही भेटीत मोजतात आणि आकडा फुगतो.

तसाच दुसरा दुभाजक म्हणजे १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम. तो आल्यावर वाचनालयांना मान्यता, अ-ब-क-ड वर्ग आणि नियमित अनुदान मिळू लागलं. त्याआधीचं वाचनालय वर्गणी-देणगीवर, फार तर नगरपालिकेच्या किंवा लोकल बोर्डाच्या मदतीवर चाले. तुमच्या वह्या या दोन्ही काळांतल्या असतील तर त्यांची बेरीज एकत्र करू नका.

तारीख, रक्कम, नाव: इथंच चुका होतात

दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै. ‘५-८-०’ म्हणजे पाच रुपये आठ आणे शून्य पै. उभ्या रेघा पावाच्या असतात: ‘५।’ सव्वा पाच, ‘५॥’ साडेपाच, ‘५॥।’ पावणेसहा. आडव्या रेघा आण्यांच्या; ‘॥=’ म्हणजे दहा आणे. घाईत ‘५॥’ चं ‘५११’ वाचून पाचशेच्या घरातला देणगीदार तयार केलेला मी पाहिला आहे. उतरवून घेताना आण्यांचे पैसे करू नका. जसं आहे तसं लिहा. रूपांतर हवं तर शेजारच्या रकान्यात.

सनांचंही तसंच. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फक्त वर्ष गुढीपाडव्याला पालटतं, म्हणून शके १८५७ मधला माघ-फाल्गुन १९३६ मध्ये पडतो. व्यापाऱ्यांच्या वह्यांत संवत असतो. त्यातून ५७ वजा करायचे, पण चोपडी दिवाळीला पालटते हे ध्यानात ठेवून महिना तपासायचा. वऱ्हाड १९०३ पर्यंत निजामाचा मुलूख म्हणून वेगळ्या कारभाराखाली होता, त्यामुळं जुन्या कागदांत फसली साल, म्हणजे पिकाच्या हंगामावरचं महसुली वर्ष, येतं. निजामी फसलीत ५९० मिळवा.

पावतीवर तारीखच नसेल तर कागदच साक्ष देतो. छापील पत्त्यात पिनकोड असेल तर ती १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. ‘वाशिम जिल्हा’ असेल तर १ जुलै १९९८ नंतरची, ‘गडचिरोली जिल्हा’ असेल तर १९८२ नंतरची, ‘गोंदिया जिल्हा’ असेल तर १९९९ नंतरची. रेव्हेन्यू तिकिटावर कोणत्या राजाचं तोंड आहे त्यावरूनही काळ जवळजवळ ठरतो. आणि यवतमाळ किंवा भंडाऱ्याच्या पावतीवर ‘म. प्र.’ दिसलं म्हणून ती चुकून इथं आली असं समजून बाजूला टाकू नका. १९५६ पर्यंत आपण मध्यप्रदेशातच होतो आणि राजधानी नागपूर होती.

लिपीनं घाबरू नका. जुन्या किर्दी मोडीत असतात. मोडी महिना-दोन महिन्यांच्या सरावानं वाचता येते, आणि हिशेबाच्या वहीत तेच ते शब्द येत असल्यानं ती पत्रांपेक्षा सोपी जाते. मारवाडी दुकानदारांच्या वह्या मात्र मुडिया लिपीत असतात, काना-मात्रा गाळून लिहिलेल्या. तिथं त्या घराण्यातलं म्हातारं माणूस गाठणं हाच सरळ मार्ग.

‘ह.’ म्हणजे हस्ते, ‘बा.’ म्हणजे बाबत, ‘बु.’ आणि ‘खु.’ म्हणजे बुद्रुक आणि खुर्द; ही दोन वेगळी गावं असतात, त्यांची सरमिसळ झाली की देणगीदार परक्या शिवारात जातो. ‘ह.’ पुढचं नाव पैसे आणून देणाऱ्याचं, देणाऱ्याचं नव्हे. विधवा बाईची देणगी मुलाच्या हस्ते आली आणि यादीत मुलाचं नाव चढलं, असं सर्रास घडलेलं आहे. बायकांची नावं शोधायची तर ‘ह.’ च्या आधी पाहा.

पैसा कुठून आला, तेही विचारा

माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म इथं आहे.

नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) या बाजूला गावाचा मालगुजार असे. जागा आणि सागवान पुष्कळदा तो देई. १९५१ मध्ये मालगुजारी गेली. त्यानंतरच्या वह्यांत ती घराणी देणगीदारांत राहतात का, हे तुमच्या गावापुरतं नीट पाहा. वऱ्हाडात चित्र निराळं. तिथं रयतवारी, म्हणजे शेतकरी सारा थेट सरकारला भरी, आणि पैसा कापसाचा. वाशिम जिल्ह्यातल्या कारंज्याला १८८६ मध्येच नियमन केलेला कापूस बाजार उभा राहिला होता, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस आणि धान्य बाजारांसाठी कायदा झाला. शेतकरी बंडीभर कापूस घेऊन येई. सौदा झाला की त्याच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशेबातून, अडत, तोलाई, हमाली कापली जाई आणि त्याच ओळीत ‘धर्मादाय’ही. हा पैसा व्यापाऱ्याकडे साठे आणि गोरक्षण, धर्मशाळा, शाळा अशा कामांना जाई. १९२८ च्या शेतीविषयक शाही आयोगानं बाजारातल्या असल्या कपातींवर बोट ठेवलं होतं.

आता परत त्या दगडाकडे या. शेटजींच्या नावानं कोरलेली रक्कम त्यांच्या खाजगी खात्यातून आली की धर्मादाय खात्यातून? दुसरं असेल तर ती रक्कम शेकडो शेतकऱ्यांच्या पट्ट्यांतून आणा-दोन आण्यांनी गोळा झालेली आहे. शेटजींचा मोठेपणा यानं कमी होत नाही, कारण तो पैसा पुस्तकांकडे वळवायची बुद्धी त्यांना झाली. पण देणाऱ्यांच्या यादीत पऱ्हाटी पिकवणाराही आला पाहिजे. हे तपासायचं ठिकाण म्हणजे पेढीची खतावणी. घराण्याकडून ती पाहायला मिळाली तर ‘धर्मादाय खाते’ हे पान उघडा आणि वाचनालयाच्या किर्दीतली तारीख त्याच्याशी ताडून पाहा. मला हे दोन्ही कागद एकाच वेळी समोर ठेवता आले ते एकदाच. तारखा जुळल्या तेव्हा मी बराच वेळ काही लिहू शकले नाही.

पुस्तकाच्या पोटातली देणगी

हिशेबाच्या वह्या नष्ट झाल्या असतील तरी ग्रंथ स्वतः बोलतात. कारंज्याचंच उदाहरण घ्या. तिथल्या जैन मंदिरांत सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर मुनिपरंपरांची शास्त्रभांडारं. जैन परंपरेत आहार, औषध आणि अभय यांच्या बरोबरीनं शास्त्रदान हे दान मानलं जातं. पोथी लिहवून घेऊन मुनींना किंवा मंदिराला द्यायची. म्हणून पोथीच्या शेवटी पुष्पिकेत किंवा प्रशस्तीत लिहविणाऱ्याचं नाव, कुळ, गाव, संवत आणि कुणाच्या पुण्यासाठी हे सगळं येतं. देणारी पुष्कळदा बाई असते. पोथी पाहायला मिळाली की पहिलं पान नव्हे, शेवटचं पान आधी वाचा.

या पोथ्यांची माहिती रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांत-वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीत आली. ती १९२६ मध्ये नागपुरात छापली गेली. पुढं यातले अपभ्रंश या जुन्या भाषेतले ग्रंथ छापायला पैसा लागला तेव्हा अंबादास चवरे यांच्या नावानं दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली, तीच ‘कारंजा जैन ग्रंथमाला’. तीत १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी संपादलेलं ‘जसहरचरिउ’ आलं. १९३३ मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन यांनी संपादलेलं ‘णायकुमारचरिउ’ कारंज्याच्याच देवेंद्रकीर्ती जैन ग्रंथमालेत निघालं. दोन्ही काव्यं दहाव्या शतकातल्या पुष्पदंताची, आणि पुष्पदंत आपल्या आश्रयदात्या नन्नाचं नाव काव्यातच गुंफतो. म्हणजे ‘जसहरचरिउ’ या एकाच पुस्तकात हजार वर्षांपूर्वीच्या दात्याचं नाव काव्यात आणि वऱ्हाडातल्या दात्याचं नाव मुखपृष्ठावर. याच हिरालाल जैनांनी १९३९ मध्ये अमरावतीहून सुरुवात करून षट्खंडागम या प्राचीन दिगंबर जैन ग्रंथाचे धवला टीकेसह सोळा खंड काढले, ते शिताबराय लक्ष्मीचंद्र यांच्या साहित्योद्धारक फंडातून. हे दोन हिरालाल वेगळे, हे नवख्यांनी पहिल्याच दिवशी लिहून ठेवावं. मी स्वतः दोघांच्या नोंदी एका पानावर करून बसले होते.

यातून धडा एवढाच की जुनं पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाची मागची बाजू, निवेदन, आणि शेवटची ‘आश्रयदात्यांची यादी’ वाचल्याशिवाय खाली ठेवू नये. गावोगावच्या ग्राहकांची नावं तिथं असतात.

गावाबाहेरचे कागद

हे थोडक्यात सांगते, कारण प्रत्येक कार्यालयाची रीत तिथं गेल्यावरच कळते. संस्था नोंदलेली असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात तिची घटना, विश्वस्तांची यादी, मालमत्तेची नोंद आणि वर्षावर्षाचे ताळेबंद असायला हवेत. नोंदणी क्रमांक वाचनालयाच्या पाटीवरच असतो. जागा दानात मिळाली असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे, आणि फेरफार तलाठ्याकडे किंवा तहसिलीच्या अभिलेख कक्षात. विदर्भात १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, म्हणजे जमिनीच्या हक्कांची नोंदवही, जरूर पाहा. बक्षीसपत्र नसेल तर तोंडी दान समजा आणि वारसांशी जपून बोला. जुनी जागा उकरून काढायला आलात असा समज झाला की सगळं काम थांबतं. जिल्हा नवा असेल तर जुने कागद मातृजिल्ह्यात पाहा: वाशिमचे अकोल्याला, गोंदियाचे भंडाऱ्याला, गडचिरोलीचे चंद्रपूरला. सरकारनं शाळा-वाचनालयांना काय दिलं, हे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या शिक्षण खात्याच्या कागदांत येतं. त्यासाठी नागपूरचं पुराभिलेखागार.

उतरवून घेणं आणि जागच्या जागी ठेवणं

न्यूयॉर्कजवळ स्लीपी हॉलो गावी रॉकफेलर आर्काइव्ह सेंटर आहे. १९१३ मध्ये स्थापन झालेल्या रॉकफेलर फाउंडेशनचे आणि फोर्ड फाउंडेशनचे कागद तिथं आहेत. ग्रंथालयं आणि मानव्यविद्या यांना दिलेल्या अनुदानांच्या फायलींत अर्ज, पत्रव्यवहार आणि खर्चाचा अहवाल एका ठिकाणी राहतात. अमेरिकी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीच्या पैशातून जगभर अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधली गेली, त्यांचा मागोवा आज घेता येतो तोही असे कागद राहिले म्हणून. ते मोठ्या पैशाचं दप्तर आहे, आपलं सव्वा रुपयाचं. पण कागद सांभाळणाऱ्यांचा एक नियम आपल्यालाही लागू आहे: मूळ क्रम मोडायचा नाही. गठ्ठा ज्या क्रमानं बांधलेला सापडला त्याच क्रमानं परत बांधायचा. सालवार लावायची हुक्की आली तरी आवरा; ते काम यादीत करा, कागदांवर नको. कोणत्या पत्राला कोणती पावती टाचलेली होती, यातच पुष्कळ अर्थ असतो.

फोटो काढताना आधी वहीचं पुठ्ठ्याचं पान, मग प्रत्येक पान, कोरंसुद्धा. खिडकीजवळच्या सावलीतल्या उजेडात काढा, फ्लॅश बंद. फाइलला लगेच नाव द्या: गाव, वही, साल, पान. संध्याकाळी घरी जाऊन देऊ असं म्हणाल तर तिसऱ्या दिवशी कोणतं पान कुठलं ते कळेनासं होतं. यादीचे रकाने कमी ठेवा: तारीख (मूळ), तारीख (इसवी), नाव जसं लिहिलंय तसं, हस्ते, गाव, रक्कम किंवा वस्तू, कशाबद्दल, वही व पान. वस्तू विसरू नका. ज्वारीची पायली, दोन बाक, कौलं, महिनाभर दैनिक घरून आणून देणं, भिंत सारवणं हीही देणगीच आहे, आणि पैसा नसलेल्या घरांनी तीच दिली आहे.

हयात माणसांची नावं, पत्ते, आणि कुणी वर्गणी दिली नाही याची यादी बाहेर फिरवू नका. गावात जुन्या गोष्टीवरून नवं भांडण व्हायला वेळ लागत नाही.

जपण्याबद्दल. मी सुरुवातीला फाटक्या पावत्यांना पारदर्शक चिकटपट्टी लावली. काही वर्षांनी पट्टी पिवळी पडली आणि ओढताच अक्षरं तिच्यासोबत निघाली. सात पावत्या माझ्या हातून गेल्या, त्याचं वाईट अजून वाटतं. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन नको, स्टेपल नको. गंजलेल्या टाचण्या हळू काढा, मऊ ब्रशनं धूळ झाडा, स्वच्छ सुती कापडात बस्ता बांधा. उधई भिंतीतून येते, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं आणि पायाखाली विटा. ओल लागलेली वही भर उन्हात टाकू नका. आपल्याकडच्या वैशाखात कागद पापडासारखा होतो. सावलीत, पंख्याखाली, पानं सुटी करून वाळवा. सगळ्यांत मोठा शत्रू मात्र उधई नव्हे, आवराआवर. एका वाचनालयात मी पोहोचले त्याच्या आठवडाभर आधी ‘ऑडिट झालेलं जुनं’ म्हणून तीन पोती वह्या रद्दीत गेल्या होत्या. म्हणून परवानगीच्या अर्जातच एक ओळ घाला: जुनं दप्तर समितीच्या ठरावाशिवाय काढू नये.

काम झाल्यावर

यादीची एक छापील प्रत आणि फोटोंचा पेन ड्राइव्ह वाचनालयालाच द्या, दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक घालून घ्या. म्हणजे तोही दप्तराचा भाग होईल आणि पुढचा माणूस शून्यापासून सुरू करणार नाही. जमलं तर आमसभेत यादी मोठ्यानं वाचून दाखवा, रक्कम न सांगता, नुसती नावं आणि गावं. त्या सव्वा रुपयावाल्या बाईंचं नाव मी वाचलं तेव्हा मागच्या रांगेतून एक आजीबाई उठल्या. पावतीवरची ती बाई म्हणजे या आजींच्या सासूबाई. “आमच्या घरी तं तवा कंदीलच नोता,” त्या म्हणाल्या, “चिमणी होती.” मी ते त्यांच्यासमोरच यादीच्या शेवटच्या रकान्यात लिहून घेतलं.